एवढ्यानं काय होतंय!

लातूरला कुणाच्या घरी जाऊन ‘नको’ म्हणून बघा. पहिला ‘नको’ संकोचाच्या खात्यावर जमा होतो, दुसरा शिष्टाचाराच्या. तिसरा तोंडातून निघेपर्यंत ताटलीत चिवडा पडलेला असतो. आणि चौथ्यांदा म्हणालात, तर आतल्या खोलीतून एक बारीक, दुखावलेला आवाज येतो, ‘आपल्याकडचं चालत नसंल त्यांना.’ यापुढं नको म्हणायची कुणाची टाप आहे? माणूस मुकाट्यानं चमचा उचलतो.

नांदेडला वेगळं काही नाही. तिथं उठूही देत नाहीत, एवढंच. निजामाचं राज्य १७ सप्टेंबर १९४८ ला गेलं, पण पाहुण्याला खिलवून गार करायची हैदराबादी सवय मागं ठेवून गेलं. माझं घर लातूरला आणि सासर नांदेडला. मधला अहमदपूर-लोह्याचा रस्ता एसटीनं तुडवण्यात अर्धं आयुष्य गेलं. दोन्ही टोकांना कुणीतरी वाढायला टपलेलंच. माझ्या पोटाचा घेर हे या दोन शहरांचं संयुक्त कार्य आहे, एकट्याच्यानं ते झालं नसतं.

माणसं लठ्ठ का होतात, यावर मोठमोठे ग्रंथ आहेत. जास्त खाणं, कमी हलणं, आईबापांकडून आलेली चण, अपुरी झोप, थायरॉइड, काही औषधं. सगळं खरं. पण हे ग्रंथ लिहिणाऱ्यांना आमच्या भागात कुणी जेवायला बोलावलेलं दिसत नाही. नाहीतर त्यांनी भिडेचाही एक रकाना ठेवला असता. मी आजूबाजूला बघतो, तर भूक लागली म्हणून खाणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बाकीचे सगळे कुणाचं तरी मन मोडवत नाही म्हणून खातात.

चहाचंच घ्या. एका कपात दोन चमचे साखर, म्हणजे साधारण १० ग्रॅम, म्हणजे ४० उष्मांक. दूध वेगळं. तहसीलला गेलात की एक, आडतीवर एक, वकिलाकडं एक, वकिलाकडून निघताना भेटलेल्या पक्षकारासोबत अर्धा. आणि हा अर्धा कप फसवा असतो, कारण त्यात साखर पूर्ण कपाची असते. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत ठेवा. आमच्याकडं तेवढी दुपारच्या जेवणाआधीच संपते, आणि तीही दुसऱ्यांच्या खर्चानं.

वाढणाऱ्या हाताचा राग येतो, पण तो हात कुठून आला हे ठाऊक असल्यानं फार वेळ टिकत नाही. १९७२ च्या दुष्काळात माझी आजी खडी फोडायला गेली होती. लाल मिलोच्या भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी, यावर घर तगलं. पुढं घरात चार पोती ज्वारी आली, दूधदुभतं आलं, तरी आजीच्या डोळ्यांतला तो हिशोब गेला नाही. ताट चाटूनपुसून रिकामं करणारा माणूस म्हणजे तिच्या लेखी अजून भूक असलेला माणूस. म्हणून संपवलं की ती वाढायची. ताटात टाकलं तर बोलायची, कारण अन्नाचा अपमान. या दोहोंच्या मधून सुटायची वाट तिनं कुणालाच ठेवली नव्हती. पुण्याला शिकायला गेलेला नातू दोन किलो कमी होऊन आला की तिला काळजीनं झोप लागायची नाही. ‘तब्येत उतरली की रं. पैसे पुरतेत का?’ थोडी ढेरी असलेला जावई बघितला की पोरगी सुखात पडली, असं तिचं निदान. उपाशी मेलेली जनावरं बघितलेल्या माणसाला अंगावरचं मांस म्हणजे बँकेतली ठेव वाटली, तर त्यात तिचं काय चुकलं?

पण आजी वाढायची ती ज्वारीची भाकरी. तिच्या हातची भाकरी ताटभर रुंद, आणि कितीही आग्रह झाला तरी दीडच्या पुढं जबडाच दमायचा. ज्वारी काय, गहू काय, शंभर ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास उष्मांक, त्यात डावं-उजवं नाही. फरक असा, की चपातीला तेल लागतं आणि भाकरीला हात. भाकरी चावावी लागते, चपाती घसरते. १९९० नंतर आमच्या रानांत सोयाबीन शिरलं. त्याला पाखरं राखावी लागत नाहीत, तीन-साडेतीन महिन्यांत नगदी पैसा हातात. ज्वारी मागं पडली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं रेशनवर २ रुपयांनी गहू आणि ३ रुपयांनी तांदूळ आला. उपाशी झोपणाऱ्या घरांना त्याचा मोठा आधार झाला, त्याला नावं ठेवायचा मला काही हक्क नाही. पण भाकरीनं शहरात आपली जात बदलली. गरिबाची होती ती आता मधुमेह्याची झाली, आणि हॉटेलात चपातीपेक्षा महाग मिळू लागली. सोयाबीन मात्र तेलाच्या डब्यात बसून परत आमच्याच कढईत आलं. ग्रॅमला ९ उष्मांक. भजी तळून निघतात आणि शेतकरी म्हणतो, भाव पडलाय.

वेळ अमावस्या बघायची असेल तर मार्गशीर्षात लातूरला या. आम्ही तिला येळवस म्हणतो. जिल्हाधिकारी त्या दिवशी स्थानिक सुट्टी देतात, पण ती दिली नसती तरी कचेरीत कुणी सापडलं नसतं. शहर संचारबंदी लागल्यासारखं ओस पडतं आणि सगळी माणसं रानात. कडब्याची कोप करायची, आत चुन्याचे पट्टे ओढलेले पाच दगड म्हणजे पांडव मांडायचे, पूजा करायची आणि मग जेवायचं. जेवायचं म्हणजे भज्जी. ही कांद्याची भजी नव्हे. तुरीचे ओले दाणे, हरभऱ्याचे सोले, वाटाणा, पावटा, मेथी, पालक, चुका, वांगी, गाजर, कांद्याची पात, लसणाची पात, रानात जे काही हिरवं हाताला लागेल ते, त्यात चिंचेचा कोळ आणि बेसन, असं सगळं मोठ्या पातेल्यात रटरटत शिजवतात. डाव उभा राहिला की झाली भज्जी. सोबत बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि बिंदग्यातली थंडगार आंबील. आहारतज्ज्ञाला दाखवलं तर खिरीवर बोट ठेवील आणि बाकीच्यावर डोळे झाकून सही करील. डाळी आहेत, पालेभाजी आहे, ताक आहे, चोथा आहे.

घोटाळा पदार्थांत नाही, तो शेजारच्या रानात आहे. येळवसला रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून बसवतात, तिथं ओळखीचा कसा सुटेल? एका कोपीत जेवलं की दुसऱ्या कोपीतून आवाज. तिथं भज्जी वेगळी, कारण त्यांच्या बायकोनं बोरं घातलीत. तिसऱ्या रानात खीर चाखल्याशिवाय गेलो तर ते वर्षभर लक्षात ठेवतील. पूर्वी हे अंगी लागत नसे. माणसं गावातून चालत यायची, बिंदगं डोक्यावर, एका रानातून दुसऱ्या रानात नांगरटीतून ढेकळं तुडवत जायची, आणि संध्याकाळी हेंडगा पेटवून पुन्हा शेताभोवती धावायची. आता मोटारसायकल थेट कोपीच्या दारात लागते. भज्जी तीच, उंडे तेच, मधली ढेकळं तेवढी गेली.

आणि एक गोष्ट आम्हा मराठवाड्याच्या माणसांना उशिरा कळली. हातपाय काटकुळे आणि मधेच टोपली ठेवल्यासारखं पोट, अशी जी आमची मूर्ती, ती नुसती आळसाची नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. त्यांना दिसलं, की आपली बाळं जन्मतः वजनानं कमी, स्नायूंनी लुकडी, पण चरबी मात्र राखून असलेली. आईच्या पोटातच पोराला कळतं की बाहेर दिवस कठीण आहेत. याच याज्ञिकांचा लंडनच्या जॉन युडकिन या डॉक्टर मित्राबरोबरचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३. दिसायला दोघेही सडपातळ. पण मोजलं तर युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. मला हा फोटो फार धीर देतो. म्हणूनच भारतीय पुरुषानं वजनकाट्यापेक्षा कमरेचा घेर ९० सेंटीमीटरच्या आत आहे का ते बघावं, बाईनं ८० च्या आत. आमच्याकडं यावरही तोड आहे. ढेरी वाढली की पँट तिच्या खाली उतरते, आणि ‘अजून चौतीसच लागतेय’ असं माणूस अभिमानानं सांगतो.

अशा या लातुरातच डॉ. जगन्नाथ दीक्षित निघावेत, यात मला काही योगायोग वाटत नाही. तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात ते प्राध्यापक होते. नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांची, त्या पदव्यांचा डोंगर असलेल्या आणि २००४ साली अपघातात गेलेल्या माणसाची, कल्पना त्यांनी उचलली आणि गावोगाव सांगितली. काहीही खाल्लं की इन्सुलिन स्रवतं, ते वर असेपर्यंत शरीर चरबी मोडायचं सोडून साठवत बसतं. म्हणून किती वेळा खाता ते मोजा. कडकडून भूक लागते अशा दोनच वेळा शोधा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत आटपा. मधे पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा चहा. आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. फी नाही, डबा-पावडर विकत घ्यायची नाही. २०१८ च्या सुमाराला महाराष्ट्र दोन पंथांत वाटला गेला. दुसऱ्या बाजूला मुंबईच्या ऋजुता दिवेकर. दर दोन तासांनी थोडं खा, तूप खा, भात खा, आजी खायची ते खा. एकेका घरात नवरा दीक्षित आणि बायको दिवेकर. माझ्या आजीला हे कळलं असतं तर ती चक्रावून गेली असती. दोन वेळची भाकर मिळावी म्हणून तिनं खडी फोडली, आणि नातवंडं ती दोनवरच थांबावी म्हणून व्हॉट्सअॅपवर गट काढतात.

मीही दीक्षित पंथाची दीक्षा घेतली. नेमका त्याच वर्षी अधिक ज्येष्ठ आला.

अधिक महिना म्हणजे धोंड्याचा महिना, आणि मराठवाड्यात तो जावयाचा महिना. सुमारे तीन वर्षांनी एकदा येतो, आणि त्या तीन वर्षांचं उट्टं एका दिवसात काढतो. तेहतीस अनारसे, दिवा, कपडे, आणि पुरण भरून वाफवलेले कणकेचे धोंडे, वर तुपाची धार. नांदेडला पोचल्या पोचल्या मी सासूबाईंना विनवलं की माझं असं असं चालू आहे, दोनदाच जेवतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

‘किती वेळ म्हणलाव?’

‘पंचावन मिनिटं.’

‘आन् त्या पंचावन मिनिटांत किती खायचं, ते सांगितलंय का डॉक्टरांनी?’

‘तसं काही नाही. पोट भरेपर्यंत.’

त्या नुसत्या हसल्या. मला तेव्हाच उठायला हवं होतं. पाट मांडला, ताटाभोवती रांगोळी काढली, आणि माझा मोबाईल तांब्याला टेकवून उभा केला, पडद्यावर ५५ मिनिटांचा टायमर. मग वाढप सुरू झालं. धोंडे, येसर आमटी, भात, भजी, कुरडया, पुन्हा धोंडे. मेव्हणा वाढायला, त्या देखरेखीला. दहाव्या मिनिटाला मी भरलो होतो. एरवी पंधरा मिनिटांत जेवण उरकून हात धुणारा माणूस मी. या शास्त्रीय मुदतीनं मला चाळीस मिनिटं जादा मिळवून दिली होती. मी हात आखडला की सासूबाई मोबाईलकडं बोट करायच्या, ‘अजून लई येळ हाय की ओ!’ बेचाळिसाव्या मिनिटाला अनारसे आले. वैद्यकशास्त्राचा इतका पुरेपूर वापर मी आजवर कुठल्या रुग्णालयात बघितलेला नाही.

तरी माझं वजन त्या वर्षी उतरलं, हेही सांगितलं पाहिजे. इन्सुलिनमुळं उतरलं की कशामुळं, यावर मी माझ्यापुरता एक निष्कर्ष काढलाय. चीनमधल्या ग्वांगझू इथं १३९ लठ्ठ माणसांवर वर्षभर केलेला एक प्रयोग २०२२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये आला. सगळ्यांना उष्मांक सारखेच कमी दिले, अर्ध्यांना फक्त सकाळी आठ ते दुपारी चार एवढ्याच वेळात खायची अट घातली. दोन्ही गटांची वजनं उतरली आणि त्यांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. म्हणजे कमी पोटात गेलं की वजन उतरतं, घड्याळ कुठलंही लावा. मग दीक्षितांचं घड्याळ आमच्याकडं एवढं का चाललं? तर त्यानं आम्हाला नाही म्हणायची सोय करून दिली. पूर्वी आमच्या समाजात पाहुण्यानं खायला नकार द्यायला एकच मान्य कारण होतं, उपवास. ‘आज माझा शनिवार आहे’ म्हटलं की यजमान गप्प. तेही फार वेळ नाही, कारण तो लगेच साबुदाणा भिजवायला लावणार. एकादशी आणि दुप्पट खाशी. आता पहिल्यांदाच असं व्रत आलं की ज्याला फराळ नाही. ‘माझं दीक्षित चालू आहे,’ एवढं म्हणायचं. समोरचा आदरानं मान हलवतो आणि कपबशी मागं घेतो. त्याच्या घराचा अपमान होत नाही, आपल्या पोटाचाही नाही. डॉक्टरांनी दवाखान्यातून दिलेलं ‘गोड बंद करा’ इतकी वर्षं आमच्याकडं उंबऱ्यावरच गळून पडायचं. हे मात्र उंबरा ओलांडून थेट माजघरापर्यंत गेलं.

सगळ्यांची सोय झाली नाही ती नाहीच. लातूरच्या बसस्थानकावर सकाळी उभे राहा. खेड्यांतून येणाऱ्या गाड्यांत चालकाशेजारी कापडात गुंडाळलेले डबे असतात. लातूर पॅटर्नमध्ये डॉक्टर व्हायला आलेल्या पोरांचे. खोलीत गादी, टेबल, चार्जर आणि नीटची पुस्तकं. पोरगं दिवसाचे बारा तास बसून असतं. पेशी, पचन, इन्सुलिन, चरबीचं विघटन, सगळं त्याला तोंडपाठ. आणि खाली आलेल्या डब्यात तुपात भिजलेल्या चार पोळ्या, शेंगदाण्याची चटणी, वर ‘अभ्यासाला ताकद येईल’ म्हणून डिंकाचे लाडू. परत पाठवता येत नाही. डबा तसाच गेला तर आई दुसऱ्या दिवशी डब्यासोबत स्वतःच येते. दोन वर्षांत गुण वाढतात आणि पोरगंही. ज्यानं पुढं आमचं वजन उतरवायचं, त्याची सुरुवात अशी.

नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये मात्र मी एक नवल बघितलं. पंगतीत बसलात की सेवादार रोट्यांची टोपली घेऊन येतो आणि ‘परशादा’ म्हणतो. दोन्ही हात पुढं केले की रोटी हातात पडते. हात जोडले की तो पुढच्या माणसाकडं जातो. बस्स. तोंड वाकडं नाही, ‘आमच्याकडचं चालत नाही का’ नाही. खाणारे अगणित, पण एकाच्याही पोटावर जबरदस्ती नाही. (कडाह प्रसादाची गोष्ट निराळी. समान वजनाची कणीक, तूप आणि साखर, आणि प्रसादाला नको म्हणायला माझी जीभ वळत नाही.) ही आग्रह नसलेली रीत मी मोठ्या कौतुकानं सासूबाईंना सांगितली.

‘ते देवाचं घर हाय,’ त्या म्हणाल्या. ‘तिथं रुसून बसणारं कुणी नसतंय.’

पुढं त्यांनाच साखर निघाली. डॉक्टरांना विचारून, तपासण्या करून, औषधाचं बघून त्यांनी रीतसर दोन वेळचं धरलं, आणि ते माझ्याहून कितीतरी कडक. २०२३ च्या अधिक श्रावणात धोंडे झाले तेव्हा आम्हा पुरुषांची पंगत उठल्यावर त्या लेकीसुनांबरोबर जेवायला बसल्या. भाकरी, भाजी, काकडी, ताक. धोंड्यांच्या पातेल्याकडं ढुंकून बघितलं नाही. मेव्हणा पातेलं घेऊन वाकला, ‘आई, अर्धा घे. एवढ्यानं काय होतंय!’ त्यांनी ताटावर हात आडवा धरला.

‘नगं. माझी येळ संपली.’

मोबाईल तांब्याला टेकून उभा होता. मी वाकून बघितलं.

‘अजून तेरा मिनिटं हायत की ओ,’ मी म्हणालो.